माळ्यावरची ऊब

टप्.

स्वयंपाकघराच्या बाजूने आवाज आला आणि बाळाच्या पाठीवर थोपटणारा ताईचा हात थांबला. झोपायच्या खोलीत सगळी मुलं आडवी झाली होती. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाचा अंगठा तोंडात, कुणाची उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एक थेंब जमिनीवर पडला तरी ऐकू यावा, इतकी शांतता होती.

टप्.

खरं म्हणजे ती शांतता नव्हतीच. डोक्यावरच्या माळ्यातून एक घरघर अखंड चालू होती. पण ती इतकी एकसुरी होती, आणि इतके महिने चालू होती, की पाळणाघरात आता तिलाच सगळे शांतता म्हणत. तिच्या खाली दुसरा एक छोटा आवाज कधीतरी बंद पडला होता आणि कुणाला पत्ताच लागला नव्हता.

ताईने बाळाला गादीवर ठेवलं, साडीचा पदर त्याच्या मुठीतून हलकेच सोडवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या खालच्या फटीतून पाणी पाझरून फरशीवर आलं होतं. तिने दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. तिने हात आत घातला आणि तो तिथेच राहिला. आत बाहेरच्यासारखीच हवा होती.

भिंतीवरच्या पेटीतलं एक बटण खाली पडलेलं होतं. तिने ते वर केलं. फ्रिज एकदा हादरला, खाकरल्यासारखा आवाज करून सुरू झाला.

वरच्या कप्प्यात तान्ह्या ढब्बूच्या दुधाची दुसरी बाटली उभी होती. पहिली तिनेच दुपारी त्याला पाजली होती. बाटली बाहेर काढताना ती रोजच्याइतकी गार लागली नव्हती, हेही तिला आता आठवलं. त्या वेळी मनात आलं होतं, बरं झालं, लवकर कोमट होईल. बाकीची दोघं तान्ही तेवढ्या वेळात रडून घर डोक्यावर घेत होती.

तिने दुसऱ्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला. पुन्हा घेतला. मग मोरीत बाटली उपडी केली, नळ सोडला आणि सगळं वाहून जाईपर्यंत ती नळाकडे बघत राहिली.

"काय सांडलं?" दारातून मावशीने विचारलं. मावशी पाळणाघराच्या सुरुवातीपासूनची. मुलांना न्हाऊ-माखू घालणं, दुपटी धुणं, आणि प्रत्येकाला नाव ठेवणं ही तिची कामं. त्यातलं शेवटचं ती पगाराविना करी.

"काही नाही. फ्रिजमधलं पाणी आलंय खाली. फडकं देता?"

"देते. तो ढब्बू बघा कसा पसरलाय. मोठा होऊन साहेब होणार हा. टेबलावर झोपून पगार घेईल."

ताई हसली. फडकं पिळताना तिच्या लक्षात आलं की आपण हसलो.

संध्याकाळी ढब्बूची आई धावतच आली. ती शिवणकारखान्यात कामाला होती. दुपारच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे भिंतीकडे तोंड करून बसायची आणि दुसऱ्या दिवशीचं दूध काढून ठेवायची. कारखान्यात बर्फाची पिशवी न्यायची, घरी फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी परत बर्फाच्या पिशवीत घालून इथे आणायची. सगळ्या कारखान्यात तिला चिडवत. तिला त्याचं काही वाटत नसे. बाटल्यांवर ती रंगीत दोरा बांधायची, आपल्या बाळाच्या बाटल्या दुसऱ्यांच्यात जाऊ नयेत म्हणून.

"ताई, दोन्ही प्यायला?"

एवढंच विचारलं होतं तिने. रोजच विचारायची.

"हो," ताई म्हणाली, "दोन्ही."

"गुणाचं गं माझं ते!" तिने ढब्बूला उचलून त्याच्या मानेत तोंड खुपसलं. "आज कमीच निघालं होतं. म्हटलं, पोरगं उपाशी राहतंय की काय."

*

पाळणाघर बंद करायच्या वेळी ताईचा नवरा आला. त्याच्या हातात नेहमीचा हवेचा पंप होता. माळ्यावरच्या मशीनांवर बसलेली धूळ तो रोज उडवायचा. मुलं त्याला फूंकाका म्हणत, आणि तोही दोनचार पोरांच्या केसांत पंपाची हवा सोडून त्यांना खिदळवल्याशिवाय शिडी चढत नसे. आज मुलं गेली होती. फक्त त्यांची मुलगी ठमी, शाळेला सुट्टी म्हणून दिवसभर इथेच असणारी, चपलांच्या फळीवर विसरलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती.

"स्वयंपाकघराचं बटण पडलं होतं आज," ताई म्हणाली.

"पडणारच. कूलर लावलास ना मुलांच्या खोलीत?"

"लावणार नाही तर काय! वरून भट्टी पेटल्यासारखं होतंय."

"मागच्या खिडकीला अजून एक पंखा बसवतो. गरम हवा बाहेर जाईल."

"फ्रिज बंद होता. सकाळपासून असेल."

"मग? काय खराब झालं?"

"दूध."

"त्यात काय, मी आणतो की उद्या पिशव्या."

"पिशवीतलं नाही."

तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. खाली उतरला आणि त्याच पायरीवर बसला. पंप मांडीवर घेत म्हणाला, "प्यायलं कुणी?"

"ढब्बू. एक बाटली."

वर घरघर चालली होती. ठमी एक मोजा उलटा करून दुसऱ्याशी जुळवत होती.

"माळ्यावरचं बटण का नाही पडलं?" ताईने विचारलं.

"त्याला वेगळी वायर आहे. जाड टाकली होती मी."

"आणि फ्रिजला?"

तो पंपाच्या नळीशी चाळा करत राहिला. "फ्रिजला जुनीच," तो म्हणाला. "उद्या बदलतो. सकाळीच बदलतो. आता असं होणार नाही."

तो वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालेनासं झालं तेव्हा आठवडाभर तो घरात भांडी घासत होता, कुणी न सांगता. मग त्याने दुकानातलं होतं नव्हतं ते विकून ही मशीनं घेतली आणि घरच्या निजायच्या खोलीत मांडली. ताईला त्याने समजावून सांगितलं होतं: जगभर अशी लाखो मशीनं एकच कोडं सोडवायला पळत असतात, ज्याचं आधी सुटतं त्याला नाणं मिळतं. हातात घेता येत नाही असलं नाणं, पण विकता येतं.

"मग आपलं सुटतं का आधी?" तिने विचारलं होतं.

"आपण एकटे नसतो गं, बऱ्याच जणांनी मिळून सोडवायचं आणि वाटून घ्यायचं. मशीनं सगळ्यांची सारखीच. फरक फक्त विजेचा. कुठे डोंगरात धरणाला चिकटून पत्र्याच्या शेडमध्ये लोक हजारो मशीनं लावून बसलेत. वीज जवळजवळ फुकट, आणि थंडी अशी की पंखासुद्धा लागत नाही. मी त्यांच्याबरोबर पळतोय घरगुती दराने, डोक्यावर एसी घेऊन. पायात धोंडा बांधून पळण्यातलाच प्रकार."

पहिलं बिल आलं त्या दिवशी तो जेवला नाही. मशीनं त्याने चुलतभावाच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे वीज जेमतेम अर्धा दिवस यायची. मग आतेबहिणीच्या गावाला नेली. तिथे वीज होती तर इंटरनेट नव्हतं. ट्रकमधून जाऊन-येऊन मशीनांचे पत्रे चेपले. आणि एका थंड सकाळी तो पाळणाघरात आला, भिंतीला हात लावून म्हणाला, "काय गारठा आहे गं इथे!" आणि मग, जरा थांबून, "पाळणाघराला वीज सवलतीत मिळते ना?"

मिळत होती. लहान मुलांच्या जागांना वीज निम्म्याहून कमी दराने, असा नियम होता. मुलांना थंडीत ऊब मिळावी, उन्हाळ्यात वारा मिळावा, आयांच्या खिशाला चाट बसू नये म्हणून. परवाना ताईच्या नावावर होता आणि दारामागे काच लावून टांगलेला होता.

तिने लगेच हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही. मशीनं माळ्यावर चढली आणि त्या हिवाळ्यात झोपायची खोली अशी छान उबदार झाली की एकाही पोराला सर्दी झाली नाही. आया येऊन म्हणत, ताई, तुमच्याकडे पाय ठेवला की बरं वाटतं. इतरांकडे शेगडी लावायलाही कुरकुर करतात. एकीने तर हात धरून सांगितलं, तुम्ही पदरमोड करून करता हे आमच्यासाठी, आम्हाला काय कळत नाही?

ताई तेव्हा म्हणाली होती, "अहो, त्यात काय एवढं!" हे वाक्य तिला नंतर किती दिवस टोचत राहिलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

*

दुसऱ्या दिवशी ढब्बू आला नाही. सकाळी नवऱ्याने म्हटल्याप्रमाणे वायर बदलली, फ्रिजमध्ये हात घालून थंडावा पाहिला आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी मावशी चप्पल काढता काढताच म्हणाली, "ऐकलंत का? ढब्बूला दवाखान्यात ठेवलंय. आमच्याच गल्लीत ना ते. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. सलाईन लावलंय इवल्याशा हाताला."

ताईच्या हातातलं दुपटं घडी होता होता राहिलं. "कशाने?"

"उन्हाळाच असला आहे. कुणाकुणाला होतंच."

आदल्या रात्री, ढब्बू आला नाही हे ऐकून, नवराही असंच म्हणाला होता: उन्हाळ्याने असेल. तिनेही हेच स्वतःला सांगून पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. खरंही असेल. गल्लीत अजून दोन पोरांना झालं होतं म्हणे. नक्की कशाने झालं ते कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि याचा आपल्याला आधार वाटतो आहे हे तिला दिसत होतं. एखाद्याने आपल्याला नको त्या अवस्थेत पाहावं तसं ते दिसत होतं.

दुपारी मुलं झोपली तशी ती शिडी चढून माळ्यावर गेली. वर वाकूनच उभं राहता येत होतं. मशीनं ओळीने मांडलेली, हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि तोंडावर येणारा गरम वारा तापलेल्या इस्त्रीसारखा वास मारत होता. तिने जाड वायरचं बटण शोधलं आणि खाली ओढलं.

घरघर खाली खाली येत थांबली.

शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत ती आली असेल, तोच खालून पहिलं रडणं आलं. मग दुसरं. मग सगळी खोलीच उठली. तान्ही कळवळून रडत होती, मोठी गादीवर उठून बसून बावरल्यासारखी छताकडे बघत होती. एक तर रांगत दाराशी जाऊन दार वाजवू लागलं. मावशीने एकाला काखेत, एकाला खांद्यावर घेतलं.

"अहो ताई, काय केलंत? तो आवाज कुठे गेला?"

"बंद केला."

"का? चालू करा आधी! पोरं या आवाजावर झोपायला शिकलीत. घरी झोपत नाहीत म्हणून आया माझ्याकडे रडतात. मी सांगते, आमच्या ताईंच्या हाताला गुण आहे."

ताईने एकेकाला जवळ घेऊन पाहिलं. थोपटलं, अंगाई म्हटली, झोळी हलवली. एक शांत झालं की दुसरं पेटायचं, आणि त्याच्या आवाजाने पहिलं. घामाने तिच्या पाठीला पोलकं चिकटलं. शेवटी तिने कडेवरचं पोर मावशीकडे दिलं आणि ती पुन्हा शिडी चढली.

बटण कुणी दुसऱ्याने वर केलं असतं तर काय वेगळं झालं असतं, कोण जाणे. तिने स्वतःच्या हाताने केलं. घरघर चढत गेली आणि खाली एकेक आवाज विझत गेला.

*

ढब्बूला घेऊन त्याची आई आली ती आठवड्यानंतर. पोराचे गाल उतरले होते. ढब्बू म्हणावं असं काही त्याच्यात उरलं नव्हतं. ताईने हात पुढे केले तसा तो आपणहून झेपावला. तिने त्याला खोलीत नेलं, गादीवर ठेवलं. त्याने एकदा छताकडे पाहिलं, मूठ तोंडात घातली, आणि त्याचे डोळे मिटायला लागले.

"बघा," त्याची आई दारातून कुजबुजली. "घरी डोळ्याला डोळा लागला नाही याचा. मांडीवर नाही, झोळीत नाही. आणि इथे आल्याआल्या! आईपेक्षा तुमचीच ओढ जास्त आहे याला."

"तसं नसतं गं."

"असू दे की. मला बरंच वाटतं."

दोघी स्वयंपाकघरात आल्या. ठमी ओट्यापाशी स्टुलावर बसून रंगवत होती. ढब्बूच्या आईने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. दुधाच्या पावडरीचा नवाकोरा डबा होता. बर्फाची पिशवी आज नव्हती.

"आजपासून हे द्या. किती चमचे ते लिहिलंय मागे. पाणी उकळून... पण ते तुम्हाला काय सांगायचं."

ताईने डब्याला हात लावला नाही. "का? तुझं दूध..."

"बंद केलं. आटवायच्या गोळ्या घेतल्या." ती बोलत होती आणि पदराची कड छातीवर ओढून ओढून घेत होती. "डॉक्टरांनी विचारलं ना, बाहेरचं काय दिलं? मी म्हटलं, काही नाही, माझंच दूध, दोन बाटल्या प्यायला त्या दिवशी. ते म्हणाले, त्यातूनच गेलं असेल काही. स्वच्छता पाळता का, म्हणाले. सासूबाई तिथेच उभ्या होत्या."

"अगं, पण..."

"नाही ताई, माझंच चुकलं. त्या गठ्ठ्यांमागे किती धूळ असते, तुम्ही बघितलं नाहीये. सुपरवायझरने हाक मारली की मी तशीच उठायची. हात धुतले होते की नव्हते, आठवतही नाही मला. सासूबाई म्हणत होत्या, हे असलं काढून ठेवलेलं पाजू नकोस. मीच हट्टाला पेटले. मला वाटायचं, दिवसभर मी नाही तर निदान माझं दूध तरी त्याच्याजवळ असू दे."

बाहेरच्या खोलीत मावशी कुणाला तरी दटावत होती. ताईच्या घशाशी शब्द आले. ते फार थोडे होते. एका दमात सांगून संपले असते.

"त्या दिवशी फ्रिज..." ती म्हणाली.

"अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" ढब्बूच्या आईने तिचा हात धरला. तिचा हात सुईच्या टोचांनी खरखरीत झालेला होता, आणि ऊनऊन. "तुमच्याबद्दल मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, आमच्या ताईंकडे सगळं लखलखीत असतं. बाटली हातात दिली की पहिली फ्रिजमध्ये जाते. तिथे काही झालेलं नाही. सासूबाईंना शंका होती, त्यांनाही गप्प केलं मी. देवाघरचं माणूस आहे ते, म्हटलं, त्यांचं नाव घ्यायचं नाही."

ताई तिच्याकडे बघत होती. बाईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ती हसायचा प्रयत्न करत होती. दारामागे परवान्याची काच होती. मावशीचा पगार होता. माळ्यावर इतके महिने धावून धावून आता कुठे आपला खर्च भागवू लागलेली मशीनं होती. हे सगळं ताईला एकदम आठवलं; आणि आठवण्याइतका वेळ आपण गप्प आहोत, हेही.

"पाणी उकळून घेते," ती म्हणाली.

"घ्याच." ढब्बूच्या आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उशीर झाला, अर्धा दिवस कापतील माझा." दारापर्यंत जाऊन ती पुन्हा मागे वळली, खोलीत डोकावली, आणि झोपलेल्या पोराकडे बघत कुणाला तरी सांगावं तसं पुटपुटली, "आता नाही हं करणार असं." मग चपला पायात सरकवत निघून गेली.

ताईने पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला. डब्याचं झाकण चमच्याच्या दांडीने उचकटू लागली. झाकण हलेना. तिने दांडी दुसऱ्या बाजूने घातली, चमचा वाकला.

ठमीने रंगवणं थांबवलं होतं. ती बराच वेळ दाराकडे बघत होती, जिथून ढब्बूची आई गेली होती. मग तिने तोंड वळवलं.

"आई," ती म्हणाली, "आईचं दूध वाईट कसं होतं गं?"